खाचेची चतुःसीमा
शंका-समाधान : वैद्यकीय उपकरणे आणि पेटंट

या वेळची बहुतेक पत्रे होटगीहून आणि सोलापूरच्या होटगी रोड भागातून आली आहेत, आणि जवळपास प्रत्येकाचा जीव एका खाचेत अडकला आहे. उपकरणात कोरलेली खाच, खोबण किंवा खळगा पेटंटच्या अर्जात शब्दांत कसा मांडायचा, हा त्यांचा प्रश्न आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत आणि शोधाचा तपशीलही बदलला आहे, कारण अर्जाआधी तो छापून आला तर नुकसान त्यांचेच होईल. पुढच्या वेळी लिहिताना कृपया रेखाचित्र किंवा फोटो पाठवू नका.

प्रश्न : साहेब, होटगीत माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग, बाकी हातकाम. हाडांच्या एका डॉक्टरांसाठी ऑपरेशनच्या वेळी वापरायचा चिमटा बनवला. त्याच्या वरच्या जबड्यात आतून एक स्लॉट मारलाय, भिंती जरा टेपर ठेवल्या. प्लेट त्यात बसते आणि स्क्रू मारेपर्यंत हलत नाही. सगळी करामत त्या खाचेतच आहे. ओळखीच्या एकाने अर्ज लिहून दिला, त्यात नुसतं 'खाच असलेला चिमटा' एवढंच आहे. दुसरा म्हणतो, मापं टाक, रुंदी साडेबारा, खोली तीन. मापं टाकली तर शेजारचा तेराची खाच मारून उद्यापासून विकेल. नाही टाकली तर अर्ज फेटाळतील. रात्र रात्र झोप नाही. काय लिहू?

उत्तर : अर्ज अजून दाखल झालेला नाही, ही तुमच्या बाजूची सर्वांत चांगली गोष्ट आहे. सगळे अजून तुमच्या हातात आहे. तुमचे दोन्ही सल्लागार अर्धे बरोबर आहेत. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १०(५) प्रमाणे दावे (अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेली, हक्काची हद्द ठरवणारी वाक्ये) स्पष्ट आणि आटोपशीर असावे लागतात आणि ते विनिर्देशातल्या (शोधाच्या संपूर्ण लेखी वर्णनातल्या) मजकुरावर आधारलेले असावे लागतात. 'खाच असलेला चिमटा' यात तुमची खाच कुठेच दिसत नाही, आणि जबड्यात खाच असलेले चिमटे जगात आधीपासून आहेत. उलट एकाच मापावर हक्क सांगितला, तर तो त्या मापापुरताच उरण्याचा धोका खरा आहे.

खाच म्हणजे काढून टाकलेला धातू. जे तिथे नाही त्याचे वर्णन भोवती जे आहे त्यावरूनच करावे लागते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तशीच खाचेची चतुःसीमा लिहायची. ती कोणत्या पृष्ठभागात कोरली आहे? तिचे तोंड कोणत्या बाजूला उघडते? तिला भिंती किती, त्या एकमेकींना समांतर आहेत की तळाकडे जवळ येतात? तळ सपाट आहे की गोलाई असलेला? दोन्ही टोके उघडी आहेत की एक बंद? ती जबड्याच्या लांबीच्या दिशेने जाते की आडवी? एवढे सांगितले की वाचणाऱ्याला चिमटा हातात न घेताही खाच दिसते.

त्यानंतर मापांचे परस्परनाते येते, आणि तुमच्या भीतीवरचा इलाज तिथेच आहे. साडेबारा हा आकडा महत्त्वाचा नाही. तोंडाशी रुंदी जास्त आणि तळाशी कमी, हे नाते महत्त्वाचे आहे. त्यामुळेच प्लेटची रुंदी थोडी कमीजास्त असली तरी ती कुठेतरी दोन्ही भिंतींना टेकते आणि अडकून बसते. शेजाऱ्याने तेराची खाच मारली तरी हे नाते राहणारच, कारण ते सोडले तर प्लेट हलेल. म्हणून मुख्य दावा साधारण असा उभा राहील : 'हाड धरण्याचा एक चिमटा, ज्याच्या एका जबड्याच्या आतल्या पृष्ठभागात दोन्ही टोकांना उघडी अशी लांबट खाच आहे, त्या खाचेला एक तळ आणि समोरासमोरच्या दोन भिंती आहेत, आणि भिंतींमधले अंतर तोंडापासून तळाकडे कमी होत जाते, जेणेकरून आत सरकवलेली प्लेट दोन्ही भिंतींना टेकून स्थिर राहते.' यात एकही आकडा नाही, तरी खाच मोघम राहिलेली नाही.

आकडे टाकून देऊ नका, त्यांची जागा पुढे आहे. मुख्य दाव्याखाली आश्रित दावे (आधीच्या दाव्याला धरून हद्द आणखी नेमकी करणारे) लिहिता येतात : एकात टेपरचा कोन अमुक ते अमुक अंशांदरम्यान, दुसऱ्यात तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे गोलाई, तिसऱ्यात खोलीचे रुंदीशी प्रमाण. वरचा दावा पडला तर खालचा उभा राहू शकतो. टेपर नुसता 'थोडा' म्हणू नका, तो कोनात किंवा प्रमाणात सांगा. सिरिंज आणि सुई ज्या लुअर जोडाने एकमेकींत घट्ट बसतात, त्याचा टेपर जगभर ६ टक्के असाच सांगितला जातो. त्या एका आकड्यावर एका कंपनीची सुई दुसऱ्या कंपनीच्या सिरिंजला बसते.

गोलाईचा मुद्दा विनिर्देशात आवर्जून मांडा. तुम्ही एंड मिलने कोपरा काटकोनात सोडला की गोल केला? तीक्ष्ण कोपऱ्यावर ताण साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय रक्त तिथे अडकते आणि निर्जंतुकीकरणाआधीच्या धुलाईत निघत नाही. चिमट्यासाठी ही दोन्ही कारणे मोलाची आहेत, आणि कलम २(१)(जेए) मधल्या 'शोधक पायरी'साठी (जाणकार कारागिरालाही सहज न सुचणारी तांत्रिक प्रगती) अशीच कारणे लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज' या खटल्यात एक पेटंट रद्द ठरवले. तो वाद भांडी लेथवर पकडून घासण्याच्या साधनाचा, म्हणजे तुमच्याच कामातला होता. चांगला कारागीर रोजच्या कामात सहज करेल अशी सुधारणा हा शोध नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. या निकालाने घाबरू नका. पण खाचेने काय साधले ते अर्जात दाखवावेच लागते, एवढे त्यातून घ्या.

आता खर्च आणि माणूस. व्यक्तीच्या नावे ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, ३० पाने आणि १० दाव्यांपर्यंत. तपासणीच्या विनंतीचे शुल्क वेगळे, ४,००० रुपये, आणि एजंटची फी त्याहून वेगळी. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. दावे मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटकडूनच लिहून घ्या. नोंदवही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे, नाव त्यात आहे का ते पाहूनच पैसे द्या. आणि डॉक्टरांशी लेखी करार करा. कल्पना कोणाची, आकार कोणाचा, हे आत्ताच ठरवा. दोघांच्या नावे पेटंट निघाले आणि करार नसला तर दोघांचा हिस्सा सारखा धरला जातो, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही. या करारासाठी वकील लागेल.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, माहेर होटगी. हाडाच्या प्लेटवर माझा अर्ज आहे. तपासणी अहवाल आला आणि तो वाचून मी अक्षरशः रडले. दाव्यातला 'जवळपास यू आकाराची खोबण' हा शब्दप्रयोग अस्पष्ट आहे म्हणतात. माझ्या खोबणीचा तळ खरं तर सपाट आहे, भिंती जराशा आत झुकलेल्या आहेत. आता 'यू' काढून 'डवटेल' लिहू का? की सगळं संपलं?

उत्तर : काहीही संपलेले नाही. अस्पष्टतेचा आक्षेप हा तपासणीतला नित्याचा भाग आहे आणि तो शोधावर नाही, शब्दांवर आहे. उत्तरासाठी अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात, आणि ती मुदत संपण्याआधी मागितल्यास ३ महिन्यांपर्यंत वाढ मिळू शकते. पण दिवस मोजत राहू नका, या आठवड्यातच एजंटला भेटा.

परीक्षकाची अडचण समजून घ्या. 'यू' म्हटले की एकाला गोल तळ दिसतो, दुसऱ्याला सपाट. भिंती समांतर की झुकलेल्या, हे अक्षर सांगत नाही. अक्षराच्या उपमेऐवजी तळ, भिंती आणि त्यांच्यातला कोन असे लिहिले की आक्षेपाचा पाया निघून जातो. मात्र 'डवटेल' (तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद खोबण) आता लिहिता येईल का, हे तुमच्या मूळ विनिर्देशावर आणि आकृत्यांवर ठरेल. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त हद्द आखडण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलाशासाठी करता येते, आणि नवा दावा आधीच्या दाव्यांच्या हद्दीतच राहावा लागतो. आत झुकलेल्या भिंती मूळ मजकुरात किंवा आडव्या छेदाच्या आकृतीत असतील तर मार्ग मोकळा आहे. कुठेच नसतील तर हा आकार या अर्जात नव्याने आणता येणार नाही. तसे असेल तर नवा अर्ज करायला अजून वेळ आहे का, हे एजंटने लगेच पाहिले पाहिजे, कारण तुमचा पहिला अर्ज प्रसिद्ध झाला असेल तर तोच नव्या अर्जाच्या आड येऊ शकतो.

'जवळपास' या शब्दाबद्दल. तो सरसकट वर्ज्य नाही. ब्रिटनच्या कॅटनिक खटल्यात दारा-खिडकीवरच्या पोलादी तुळईचा एक भाग 'उभा' असल्याचे दाव्यात होते, आणि प्रतिस्पर्ध्याने तो ६ ते ८ अंश कलता केला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने विचारले, एवढ्या कलण्याने काम बदलते का? बदलत नव्हते, म्हणून उल्लंघन ठरले. तेव्हा दावा हेतू लक्षात घेऊन वाचला जातो हे खरे. पण त्या निकालाच्या भरवशावर अर्ज सैल ठेवू नका. तिथवर पोचायला तुळईवाल्यांना वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागले.

तुमच्याच क्षेत्रातले एक उदाहरण देतो, कारण आकाराचा आत्मा कुठे असतो हे त्यातून छान दिसते. स्वित्झर्लंडच्या एओ गटाची डायनॅमिक कॉम्प्रेशन प्लेट १९६९ साली आली. तिची भोके वरून पाहिली तर लांबट गोल दिसतात. पण खरे काम भोकाच्या आतला उतार करतो. स्क्रू आवळला की त्याचे गोल डोके त्या उतारावरून घसरते, प्लेट कणभर सरकते आणि मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात. त्या भोकाला नुसते 'लंबगोल भोक' म्हटले असते तर वर्णन चुकले नसते, आणि तरी शोध त्यातून निसटला असता. तुमच्या खोबणीतही असेच काहीतरी काम करणारे असेल. तो भाग कोणता, हे एका वाक्यात एजंटला सांगता आले की उत्तर निम्मे तयार.

प्रश्न : माझ्या मुलाने ड्रॉइंग एकदम झकास काढलं, सगळी मापं, टॉलरन्ससकट. एजंट म्हणतो मापं पुसा. मग खाच कळणार कशी? हा माणूस फसवत तर नाही ना? (होटगी स्टेशन)

उत्तर : एजंट बरोबर सांगतो आहे. पेटंट नियम, २००३ मधल्या नियम १५ प्रमाणे आकृतीवर मापे लिहायची नसतात. वर्कशॉपचे ड्रॉइंग वस्तू बनवण्यासाठी असते, पेटंटची आकृती समजण्यासाठी. मापे विनिर्देशाच्या मजकुरात द्या. आकृतीत तळ, भिंत, तोंड यांना क्रमांक घाला आणि तेच क्रमांक दाव्यांत कंसात वापरा. खाचेसाठी एक गोष्ट मात्र हटकून मागा : आडवा छेद घेतलेली, मोठी करून काढलेली आकृती. बाहेरून काढलेल्या दहा चित्रांत जे कळत नाही ते त्या एका छेदात कळते. मुलाने आणखी दोन-तीन प्रकारच्या खाचा विचारात घेतल्या असतील तर त्यांचेही छेद पहिल्याच अर्जात जाऊ द्या. नंतर भर घालता येत नाही.

प्रश्न : मुलीने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून सर्जरीचं एक हत्यार केलं, त्याच्या मुठीत आतून खाच आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवलं, आणि मीच कौतुकाने त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता सगळे म्हणतात, पेटंट गेलं. माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं का?

उत्तर : स्वतःला दोष देण्याआधी काय उघड झाले ते तपासू. अर्जाआधी शोध जाहीर झाला तर नावीन्य जाऊ शकते, हे खरे. पण प्रश्न असा असतो की जे पाहिले त्यावरून जाणकाराला शोध कळला का. हत्यार बाहेरून दिसले आणि आतली खाच मुठीच्या पोटात झाकलेली राहिली, तर ती उघड झाली नाही असे मांडायला जागा आहे. खाच जवळून दाखवली असेल, किंवा प्रदर्शनातल्या फलकावर तिचा छेद काढला असेल, तर मामला कठीण आहे.

कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण प्रदर्शनांच्या बाबतीत ती केंद्र सरकारने अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. कॉलेजचे प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही. अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला एक वर्षाची मुभा आहे. युरोपात अशी सर्वसाधारण मुभा नाही. व्हिडिओ पुढे पाठवू नका, पण पुसूनही टाकू नका. फलक, फोटो, तारखा जशा आहेत तशा घेऊन पेटंट एजंटकडे याच आठवड्यात जा, कारण नेमके काय उघड झाले याचा निर्णय ते पाहूनच करता येतो. मुलीने प्रदर्शनानंतर खाचेत काही सुधारणा केली असेल तर तीही सोबत न्या. ती कोणालाच दाखवलेली नाही, आणि कदाचित अर्ज तिच्यावरच उभा राहील.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. बाळांना सलाइन लावलं की हात हलवून सुई निघते, मग पुन्हा टोचायचं. बघवत नाही. मी हाताखाली ठेवायची एक फळी केली, त्यात बाळाचा अंगठा बसेल असा खळगा आहे. कुणी म्हणतं उपचारावर पेटंट मिळत नाही. कुणी म्हणतं सरकारी नोकराचं सगळं सरकारचं. आणि मला इंग्रजी लिहिता येत नाही. सोडून देऊ का?

उत्तर : सोडून देऊ नका, ताई. कलम ३(आय) प्रमाणे उपचाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. उपकरणावर मिळू शकते. म्हणून दावा 'बाळाचा हात असा बांधावा' असा नको, फळीच्या रचनेचा हवा.

खळग्याचे वर्णन 'बाळाच्या अंगठ्याच्या आकाराचा' असे केले तर अडचण येईल, कारण प्रत्येक बाळाचा अंगठा वेगळा. शरीराच्या मापाने उपकरण सांगणे किती त्रासाचे होते हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसते. व्यायामाच्या यंत्रावर हातात धरून नाडी मोजायच्या दांड्यावरचे दोन इलेक्ट्रोड 'एकमेकांपासून अंतरावर' आहेत, एवढेच दाव्यात होते. किती अंतर, हा वाद २०१४ मध्ये थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की दाव्याची हद्द जाणकाराला वाजवी खात्रीने कळली पाहिजे. प्रकरण पुन्हा खाली आले, तेव्हा ते अंतर हाताच्या रुंदीपेक्षा जास्त असू शकत नाही असा अर्थ काढून दावा वाचला. वाचला खरा, पण आपल्याला तो रस्ता नको. तुमचा खळगा फळीच्याच भाषेत सांगा : फळीच्या वरच्या पृष्ठभागात, एका कडेला उघडणारा, वक्र तळाचा, ज्याचा अक्ष (मधून जाणारी कल्पित रेषा) फळीच्या लांबीशी अमुक ते अमुक कोन करतो. नवजात बाळ आणि वर्षाचे मूल यांच्यासाठी वेगळी मापे केली असतील तर वक्राच्या त्रिज्येची दोन्ही टोके विनिर्देशात द्या. अंगठ्याचा उल्लेख 'अंगठा ठेवण्याजोगा' असा करा. मग अंगठा उपकरणाचा भाग होत नाही.

भाषेचे म्हणाल तर अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीतच करावा लागतो, पण शोध मराठीतून सांगायला काहीच आडकाठी नाही. एजंटला फळी हातात देऊन मराठीत समजावा आणि त्याने लिहिलेला प्रत्येक दावा मराठीत परत सांगायला लावा. तुम्हाला त्यात तुमचा खळगा दिसला नाही तर सही करू नका. नोकरीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल स्वतंत्र कलम नाही, ते सेवानियमांवर ठरते. अर्जाआधी कार्यालयाकडे लेखी विचारणा करा, आणि त्याआधी सेवाविषयक कामे पाहणाऱ्या वकिलाला नियम दाखवा. विचारणेच्या पत्रात खळग्याचा तपशील मात्र लिहू नका.

उपकरण पुढे नेण्यासाठी मदत हवी असेल तर मुंबईच्या आयआयटीतले बेटिक केंद्र लक्षात ठेवा. २०१४ साली राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर ते सुरू झाले. डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे घडवणे हेच त्याचे काम आहे. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी यांचाही त्यात सहभाग राहिला आहे.

प्रश्न : खाचेच्या आकाराचं 'डिझाइन' नोंदवलं तर स्वस्तात काम होतं म्हणे. खरं का?

उत्तर : तुमच्या खाचेच्या बाबतीत बहुधा नाही. डिझाइन कायदा, २००० डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाचे रक्षण करतो, आधी १० आणि वाढवून एकूण १५ वर्षे. निव्वळ यांत्रिक कामासाठीचा आकार त्यात बसत नाही. हत्याराच्या मुठीवरची पकडीची वळणे वेगळी दिसतात म्हणून डिझाइनमध्ये नोंदवता येतील. आतली खाच पेटंटकडेच न्यावी लागेल, आणि तिथे मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. दोन्ही करायचे असेल तर कोणते आधी आणि कधी, हे एजंटला विचारूनच ठरवा. एकाच्या प्रसिद्धीने दुसरे अडचणीत येऊ शकते.

प्रश्न : माझ्या चिमट्याच्या अर्जाचा नंबर हातात आला! डॉक्टर म्हणतात, पन्नास नग द्या. देऊ का? नंतर पोलीस-कोर्ट होणार नाही ना?

उत्तर : अभिनंदन. पण अजून पुरवू नका. अर्ज क्रमांक म्हणजे मंजूर पेटंट नव्हे. अग्रक्रम तारखेपासून (सहसा तुमच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांच्या आत तपासणीची विनंती केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. ती तारीख आजच भिंतीवर लिहून ठेवा. तात्पुरता विनिर्देश दिला असेल तर पूर्ण विनिर्देश १२ महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्यातले दावे जुनी तारीख तेव्हाच धरून ठेवतात, जेव्हा खाचेचे वर्णन तात्पुरत्या विनिर्देशातही असते.

विक्रीसाठी परवानगी वेगळी लागते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे उपकरणे धोक्याच्या चढत्या क्रमाने अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. अ आणि ब वर्गाचे उत्पादन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, क आणि ड वर्गाचे केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे. अ वर्गातल्या निर्जंतुक न केलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या साध्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे, नोंदणी मात्र लागते. तुमचे उपकरण कोणत्या वर्गात येते, हे उपकरण नियमांच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. रुग्णावर चाचणी घ्यायची असेल तर डॉक्टरांची तोंडी हमी पुरत नाही, नीतिसमितीची आणि गरजेप्रमाणे औषध नियंत्रकांची मंजुरी लागते. आणखी एक तपासणी एजंटकडून करून घ्या : तुमच्या चिमट्यात दुसऱ्या कुणाच्या चालू पेटंटचा भाग आहे का? तुमची खाच नवी असेल, पण जबड्याचा सांधा दुसऱ्याच्या दाव्यात येत असेल तर विक्री तिथेच अडू शकते. पन्नास नगांची ऑर्डर डॉक्टरांकडून लेखी घ्या, पुरवठ्याची तारीख मोकळी ठेवा, आणि ही तपासणी होईपर्यंत लेथवर दुसरे काम लावा.